बीपीच्या कार्डाचं घराणं

नांदुऱ्याच्या बाजूच्या खेड्यात बीपीची गोळी चालू असलेल्या आजीला दवाखान्याचे कागद मागा. प्लास्टिकच्या पिशवीतून आधार निघतं, रेशनकार्ड निघतं आणि त्यांच्या मधे घडी घातलेलं एक कार्ड. तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, गोळी, पुढची तारीख. कार्ड रक्तदाबाचं असलं तरी त्याचं घराणं क्षयाचं आहे.

एके काळी क्षयरोग्याची जागा म्हणजे सॅनेटोरियमची खाट. 1956 साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवून दिलं, की घरी राहून औषध घेणारेही जवळपास तितकेच बरे होतात. पण खाटेवरचा माणूस डोळ्यांसमोर असतो. घरचा माणूस गोळी घेतो की नाही, कुणाला कळणार? ती नजर ठेवण्याचं काम मग कागदाकडे आलं.

त्या कागदाला शिस्त लावली कारेल स्टिब्लो या चेक डॉक्टरने. नाझींच्या छळछावणीत त्याला स्वतःला क्षय झाला होता. 1970च्या दशकाच्या अखेरीस टांझानियात त्याने पद्धत बसवली: एका तिमाहीत नोंदलेले सगळे रोगी ही एक तुकडी, आणि शेवटी त्यातल्या प्रत्येकाचा हिशेब द्यायचा. बरा झाला, वारला, दुसरीकडे गेला, की मधेच सोडून दिलं? खरी करामत इथेच आहे. एरवी दवाखान्याचं रजिस्टर फक्त आलेल्यांचं असतं. ‘आज ओपीडी दीडशे’ हे कुणीही छाती फुगवून सांगेल. मागच्या महिन्यातले किती परत आले, हे विचारलं की इकडेतिकडे बघणं सुरू.

न्यूयॉर्कच्या क्षय विभागाचे तेव्हाचे प्रमुख टॉम फ्रीडन यांनाही स्टिब्लोने हेच विचारलं होतं: नोंदवलेल्यांपैकी बरे किती केले? त्यांना उत्तर देता आलं नाही. पुढे 1996 मध्ये हेच फ्रीडन जागतिक आरोग्य संघटनेतर्फे भारताच्या क्षय कार्यक्रमासाठी आले. 2017 मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली, आणि त्याच वर्षी भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. केंद्र, राज्यं, आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना आणि जोडीला फ्रीडन यांची संस्था. महाराष्ट्रातले पहिले जिल्हे सिंधुदुर्ग, सातारा आणि आपल्या विदर्भातलेच भंडारा, वर्धा. एक कार्ड रोग्याकडे, एक दवाखान्यात. न आलेल्याचं कार्ड मागे उरतं आणि नाव कळतं. नंतर मोबाइल ॲप आलं, कार्डावर क्यूआर कोड आला. हिशेब मात्र स्टिब्लोचाच.

वारशात एक रकाना तेवढा आला नाही: ‘बरा झाला’. क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांत संपतो, बीपीची गोळी बहुधा जन्मभराची. म्हणून इथे विचारतात, शेवटच्या भेटीत दाब 140/90च्या खाली होता का?

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात हा प्रश्न जास्तच जिवाचा. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे मूत्रपिंडाच्या आजाराची ओरड जुनी आहे. कारणांचा वाद तूर्त बाजूला ठेवू. चढा दाब मूत्रपिंड झिजवतो आणि झिजलेलं मूत्रपिंड दाब आणखी चढवतं, एवढं पुरेसं आहे. आणि क्षयाला निदान खोकला तरी होता. बीपीवाला आशाताईंनाच विचारतो, ‘काई दुखत नाई, मंग गोळी कायले?’ त्यातून कापूस वेचणीचे दिवस. गोळीसाठी नांदुऱ्याला जायचं म्हणजे रोजी बुडाली.

उपक्रमाच्या पाहणीतही हेच दिसलं: मोठ्या रुग्णालयांपेक्षा गावाजवळच्या केंद्रांत दाब आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण जास्त. गोळी तीच, कार्डही तेच. फक्त चालायचं अंतर कमी.