करवत आणि आरामखुर्ची

लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली हृदयशूलाचे वर्णन केले. एका रुग्णाने रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापण्याचा नेम धरला व तो जवळजवळ बरा झाला, अशीही नोंद त्यांनी करून ठेवली. पुढील पिढ्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवीत. त्यात वृद्धांचे स्नायू झिजत, पायांच्या शिरांत रक्त गोठे, मनही खचे. बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी ८१ रुग्णांना लवकरच आरामखुर्चीत बसविले. अनर्थ ओढवला नाही. हा अनुभव १९५२ साली प्रसिद्ध झाला. आज वैद्याच्या सल्ल्याने, झेपेल तितके चालणे हा वृद्ध हृदयरोग्याच्या उपचाराचाच भाग मानतात. विश्रांतीलाही मात्रा असते, हे कळायला एवढा काळ जावा लागला.