संरचना अभियांत्रिकीतील गणितीय पद्धती : आरंभकाळ

बांधकाम किती भार पेलेल हे अनुभवाऐवजी हिशेबाने ठरवण्याचे प्रयत्न युरोपात सतराव्या शतकात सुरू झाले. त्याआधीचे गवंडी ठरलेल्या प्रमाणांवर भिस्त ठेवीत. त्या प्रमाणांनी उभारलेल्या वास्तू आजही शाबूत आहेत, त्यामुळे ती रीत अडाणी म्हणता येत नाही.

गॅलिलीओ याने १६३८ मध्ये लायडन येथे छापलेल्या ग्रंथात एक टोक भिंतीत रोवलेल्या तुळईचा विचार केला. मोडताना संपूर्ण छेदावर सारखाच ताण असतो आणि तुळई खालच्या कडेभोवती फिरते, असे त्याने धरले. त्यामुळे तिचे बळ वाजवीपेक्षा तिप्पट येते. मात्र बळ रुंदी आणि उंचीचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हा त्याचा निष्कर्ष टिकला. ५ × २० सेंमी. छेदाची तुळई आडवी टाकण्याऐवजी उभी बसवल्यास चौपट भार घेते. छेदातील ताण-दाबाची खरी वाटणी पारां (१७१३) व कूलाँ (१७७३) यांनी मांडली.

रॉबर्ट हुक याने लोंबती साखळी उलटी केल्यास कमानीचा योग्य आकार मिळतो, हे १६७५ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यात लपवून छापले. उकल त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आली.

या तत्त्वाची खरी कसोटी रोममध्ये लागली. सेंट पीटर्सच्या सुमारे ४२ मी. व्यासाच्या घुमटाला तडे गेल्याने पोप चौदावा बेनेडिक्ट याने १७४२ मध्ये ल सुर, झाकिए व बॉस्कोविच या तीन गणितज्ञांना पाचारण केले. घुमट बाहेर रेटला जाताना खचणारा भार आणि त्याला आवरणारे लोखंडी पट्टे यांचा ताळा मांडून त्यांनी सुमारे ३२ लाख रोमन पौंडांची तूट दाखवली. मायकेलअँजेलोने गणिताशिवाय घुमट रचला, मग गणिताशिवायच तो दुरुस्त व्हावा, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. पादुआच्या पोलेनी याने घुमटाच्या ५० फाकी कल्पिल्या. एका अर्ध्या फाकीचे ३२ भाग पाडून त्यांच्या वजनांच्या प्रमाणात ३२ गोळे दोरीत ओवले व ती टांगली. दोरीची उलटी रेषा घुमटाच्या जाडीतच राहिली, म्हणून घुमट सुरक्षित ठरला. तरीही नवे पट्टे घालण्यास त्याने संमती दिली आणि वानव्हितेल्ली याने १७४३–४४ मध्ये पाच पट्टे बसवले. पोलेनीचा ग्रंथ १७४८ मध्ये निघाला. आजच्या अभ्यासकांचा कल बहुधा त्याच्याकडे आहे.

ऑयलर याचे खांबाच्या वाकण्याचे सूत्र १७४४ चे. बांधकामात ते बऱ्याच उशिरा रुळले.

नाव्हिए याच्या १८२६ च्या व्याख्यानांनी हे विखुरलेले निष्कर्ष अभियंत्याच्या हाती एकत्र दिले. कुलमान याची आलेखीय स्थितिकी १८६६ ची.