घरात कुणी नशेला लागलं तर: कायदा काय सांगतो, डॉक्टर काय करतात

बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की दारूचा भाव बदलतो. वडोदऱ्याला दारूबंदी आहे. इंदूर-उज्जैनकडे परवान्याची भांगेची दुकानं उघडपणे चालतात. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ये-जा करणाऱ्या आपल्या लोकांना हे फरक अंगवळणी पडलेले आहेत. त्यातूनच पोरांच्या डोक्यात एक समज पक्का बसतो की, ‘गोव्यात चालतं’.

नाही चालत. दारू हा राज्यांचा विषय आहे, म्हणून तिचे नियम राज्यागणिक वेगळे. गांजा, चरस, ब्राऊन शुगर, कोकेन, एमडी यांना मात्र केंद्राचा एकच कायदा लागू होतो. त्याचं लांबलचक नाव गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. पोलीस आणि वकील त्याला ‘एनडीपीएस’ म्हणतात. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे आणि पणजी, बेळगाव, हैदराबाद, ग्वाल्हेर सगळीकडे त्याची कलमं तीच. भांगेचं तेवढं वेगळं, कारण या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचा कारभार राज्यांकडे राहिला. भांगेच्या दुकानाकडे बोट दाखवून कुणी गांजाचं समर्थन करत असेल, तर त्याला हे सांगावं.

किती माल, किती शिक्षा

या कायद्यात शिक्षा ठरते ती मुख्यतः वजनावर. प्रत्येक पदार्थाचं एक ‘अल्प’ आणि एक ‘व्यापारी’ प्रमाण ठरलेलं आहे. गांजाचं अल्प प्रमाण एक किलोपर्यंत आणि व्यापारी २० किलोच्या वर. चरसचं १०० ग्रॅम आणि एक किलो. हेरॉइनचं, म्हणजे ब्राऊन शुगर ज्यापासून बनते त्याचं, ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. कोकेनचं २ आणि १०० ग्रॅम, एमडीचं २ आणि ५० ग्रॅम.

अल्प प्रमाण सापडलं तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणाला कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, आणि दंड एक ते दोन लाख. व्यापारी प्रमाणात जामीनही सहजासहजी मिळत नाही. आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते.

एक गोष्ट पोरांना माहीत नसते. एमडी किंवा ब्राऊन शुगरमध्ये विकणारे भरपूर भेसळ करतात. ‘यात खरा माल चिमूटभरच आहे’ हा बचाव आता चालत नाही. एप्रिल २०२० मध्ये हीरा सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. म्हणजे पुडीत दहा ग्रॅम पावडर असेल आणि त्यात एमडी एकच ग्रॅम असेल, तरी खटला दहा ग्रॅमचा. अल्प प्रमाणाच्या सवलतीतून पोरगं तिथेच बाहेर पडतं.

दुसरा सापळा पार्सलचा. ‘एवढी पिशवी तेवढी त्याला दे’ म्हणून मित्राने दिलेली वस्तू ज्याच्याकडे सापडते, त्याला ती जाणीवपूर्वक बाळगली होती असंच कायदा आधी गृहीत धरतो. मला माहीत नव्हतं, हे त्याने सिद्ध करायचं. आणि साध्या खटल्यात संशयाचा जो फायदा मिळतो, तसा इथे नाही. भाड्याने दिलेली खोली, शेतातलं घर, गाडी यांचा वापर माहीत असून करू दिला तर मालकावरही तेच कलम लागतं. आपल्या भागात कॉलेजच्या पोरांना खोल्या देणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. अल्पवयीन मुलाला मालाची ने-आण किंवा विक्री करायला लावलं तर बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड वेगळा.

नशा करणारा आणि विकणारा

छाप्याच्या बातमीत कोटींचे आकडे येतात. ऑगस्ट २०२२ मध्ये वडोदरा जिल्ह्यातल्या सावली तालुक्यात मोक्सी इथे, फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत, त्यानंतर सांगली जिल्ह्यातल्या इरळीत, ऑक्टोबर २०२४ मध्ये भोपाळच्या बगरोदा औद्योगिक भागात एमडीचे कारखाने आणि साठे सापडले. मराठी माणूस राहतो त्या सगळ्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या अंगणातच. आम्हीही त्या बातम्या देतो, मथळ्यात रक्कम घालतो. पण ज्या घरात मुलाच्या कपाटात पुडी सापडली त्या घराला या रकमेचा काही उपयोग नाही. उलट घाबरून ते घर दार लावून घेतं. शेजाऱ्याला कळेल, पोलीस येतील, पोराचं आयुष्य जाईल, या भीतीने वर्ष-दोन वर्षं निघून जातात.

अशा घरासाठी या कायद्यातलं सगळ्यात कामाचं कलम आहे ६४-अ. जो स्वतः व्यसनी आहे आणि ज्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप आहे, त्याने आपणहून सरकारी अथवा सरकारमान्य रुग्णालयात किंवा संस्थेत उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. अट एकच, की उपचार पूर्ण करायचे. अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. याशिवाय कलम ३९ आहे. त्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याची संमती असेल तर, तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. विकणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. म्हणून मुलाने स्वतःच्या खर्चासाठी मित्रांना दोन पुड्या ‘पुरवायला’ सुरुवात करायच्या आधी त्याला डॉक्टरपर्यंत नेणं महत्त्वाचं. व्यसन वाढलं की ही पायरी बहुतेकदा येतेच.

डॉक्टरला सांगितलं तर गावभर होईल, ही भीतीही नको. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून आलेले विकार मानसिक आजारात धरले आहेत आणि रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे.

कुठला पदार्थ काय करतो

केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचं दिसलं. पण माझ्या मते त्या अहवालातला जास्त टोचणारा आकडा वेगळा आहे. हुंगायच्या पदार्थांचं, म्हणजे पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, थिनर यांचं प्रमाण १० ते १७ वयाच्या मुलांत मोठ्यांच्या दुप्पट निघालं. मुलांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. या वस्तू एनडीपीएसमध्ये नाहीत, स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. हुंगताना किंवा लगेच नंतर हृदयाचे ठोके बिघडून पोरगं जागच्या जागी जाऊ शकतं, पहिल्याच वेळीही.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. २०१५ पर्यंत ते कायद्याच्या यादीतच नव्हतं. झोप उडते, भूक मरते, छाती धडधडते, ताप चढतो. चार-सहा महिन्यांत माणूस संशयी होतो, कुणीतरी पाळत ठेवतंय म्हणतो. सोडल्यावर शरीराला त्रास फारसा दिसत नाही, पण मन इतकं खाली जातं की आत्महत्येचे विचार येतात. त्या पहिल्या काही आठवड्यांत मुलाला एकटं ठेवू नये.

गांजाबद्दल ‘वनस्पतीच आहे’ म्हणणारे खूप. कोवळ्या वयात, रोज आणि जास्त ताकदीचा गांजा ओढणाऱ्यांत भास होणं, भ्रम होणं हा धोका वाढतो. घरात आधी कुणाला तसा आजार असेल तर आणखी.

मग गोळ्या. मालेगाव, संभाजीनगरकडे ‘कुत्ता गोळी’, ‘बटन’ म्हणून विकली जाते ती बहुतेकदा अल्प्राझोलाम किंवा नायट्राझेपामची झोपेची गोळी. तेलंगणातल्या वाचकांना हीच अल्प्राझोलाम दुसऱ्या रूपात माहीत असेल, ताडीत मिसळलेली. कल्लू कंपाउंडातली ताडी बंद झाली की माणसं थरथरू लागतात, बडबडतात, त्यांना फिट येते. ती ताडीची तल्लफ नसते, आतल्या गोळीची असते. आणि कोल्हापूर-सांगलीकडे जिममधल्या पोरांत मेफेनटरमाईनचं इंजेक्शन चालतं. हे औषध भूल दिल्यावर पडलेला रक्तदाब वर आणायला वापरतात. धडधाकट पोराने टोचून घेतलं तर रक्तदाब भडकतो, हृदयावर ताण येतो, आणि सुई एकमेकांत फिरली तर एचआयव्ही आणि काविळीचा धोका वेगळाच.

खोलीत कोंडून नशा सुटत नाही

आपल्याकडे पहिला उपाय हाच करतात. आठ दिवस कोंडून घालू, आपोआप सुटेल. ब्राऊन शुगर एकदम बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक-डोळे गळतात, पोटात कळा, जुलाब, हाडं फुटल्यासारखी दुखतात. त्रास भयंकर, तरी नीट पाणी-औषध मिळालं तर सहसा जीव जात नाही. पण झोपेच्या गोळ्या किंवा रोजची दारू अचानक तोडली तर फिट येऊन जीव जाऊ शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करत आणावी लागते. नेमकं काय घेत होता हे घरच्यांना माहीत नसतं, म्हणूनच कोंडणं धोक्याचं.

त्याहून मोठा धोका पुढे आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ब्राऊन शुगर सुटून दोन-तीन आठवडे झाले की शरीराची सवय मोडते. केंद्रातून किंवा जेलमधून बाहेर आलेला मुलगा जुन्या मित्रात बसतो आणि पूर्वी पचायचं तेवढंच प्रमाण घेतो. तेच त्याचा श्वास थांबवतं. घरचे निर्धास्त झालेले असतात, तोच हा काळ.

श्वास मंद, घशात घरघर, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हाक मारून, चिमटा काढून जाग नाही, अशी लक्षणं दिसली तर १०८ किंवा ११२ ला फोन करा. त्याला कुशीवर झोपवा, तोंडातली उलटी काढा, एकटं सोडू नका. लिंबूपाणी, मिठाचं पाणी, काही पाजू नका, ते फुप्फुसात जातं. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर श्वास परत येतो, पण ते एमडीवर किंवा झोपेच्या गोळीवर चालत नाही. म्हणून दवाखान्यात खरं सांगावं लागतं. विषबाधेचा रुग्ण म्हणून रुग्णालय पोलिसांना कळवेल, त्या भीतीने दारात थांबू नका.

जायचं कुठे

सीमाभागातल्यांना धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था जवळ. गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. बाकी ठिकाणी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठावा. ब्राऊन शुगरसाठी सरकारी केंद्रांवर ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी देतात. ‘एक नशा सोडून दुसरी’ असं म्हणून घरचे ती बंद करायला लावतात. तसं करू नये. तल्लफ आणि अतिसेवनाचा धोका त्या गोळीनेच कमी होतो, आणि ती महिनोन्महिने चालू शकते.

खासगी केंद्र निवडताना राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवायला सांगा. डॉक्टर कोण, किती दिवसांनी येतात, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. ‘तीन महिने भेटायचं नाही, आम्ही सरळ करतो’ म्हणणाऱ्या ठिकाणाहून परत फिरा. रुग्णाला साखळीने बांधणं २०१७ च्या कायद्याने बंद आहे, कुठल्याही कारणाने. कलम ६४-अ ची सवलतही सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणीच मिळते, हे तिथे पैसे भरायच्या आधी लक्षात घ्या.

सल्ल्यासाठी केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक १४४४६. विक्रीची माहिती द्यायची असेल तर १९३३ हा अमली पदार्थ नियंत्रण विभागाचा क्रमांक आहे, जुलै २०२४ पासून सुरू. दोन्ही देशात कुठूनही लागतात. डॉक्टरकडे निघताना खोलीत सापडलेली गोळ्यांची रिकामी पाकिटं, बाटल्यांवरची नावं सोबत न्या. पुडी किंवा पावडर सापडली असेल तर ती मात्र खिशात घालून निघू नका. वाटेत झडती झाली तर ती तुमच्याच ताब्यात सापडलेली ठरेल. आधी वकिलाशी बोला.