सर्पगंधा आणि उदास झालेले पेशंट

बीपीची गोळी सुरू होते, आकडा उतरतो, आणि काही महिन्यांनी माणसाचं मन कशातच लागेनासं होतं. १९५० च्या दशकात हे अनेकांच्या बाबतीत घडलं. औषधाचं नाव रेसर्पिन. ते आलं आपल्या सर्पगंधेच्या मुळीतून.

लोक या मुळीला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की ती मनोरुग्णांना शांत करते आणि रक्तदाबही उतरवते. १९४९ मध्ये मुंबईच्या केईएममधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा आपला अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत मुळीतलं रेसर्पिन वेगळं करण्यात आलं. दोनच वर्षांनी अमेरिकेत डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी नोंदवलं: मोठे डोस दीर्घकाळ घेणारे काही पेशंट खोल नैराश्यात जात आहेत.

कारण पुढे कळलं. नसांच्या टोकांशी नॉरॲड्रेनलिनचा साठा असतो. रेसर्पिन तो भरूच देत नाही. मग रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. नाकातल्या रक्तवाहिन्याही सैलावतात, म्हणून नाक चोंदतं. मेंदूतले सेरोटोनिन आणि डोपामिनचे साठेही असेच रिकामे होतात. एकच फंक्शन दहा ठिकाणांहून कॉल होत असेल, तर त्यातला बदल एकाच ठिकाणी दिसून कसा चालेल?

म्हणजे कलकत्त्यात जो गुण होता, तोच बीपीच्या पेशंटसाठी 'साइड इफेक्ट' ठरला. नैराश्याचा मेंदूतल्या रसायनांशी संबंध असावा, या विचाराला याच पेशंटमुळे बळ मिळालं. तो संबंध किती सरळ आहे, यावर पुढे बरेच वाद झाले.

रेसर्पिन आता फारसं कुणी देत नाही. पण आजच्याही काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, काहींनी घोटे सुजतात. वाढलेलं बीपी बहुतेकदा जाणवत नाही, गोळीचा त्रास मात्र जाणवतो. म्हणून लोक गुपचूप गोळी बंद करतात आणि धोका वाढवतात. नाहीतर वय झालं म्हणून सोसत राहतात. घरात कुणी गोळी घेत असेल, तर आकड्यासोबत 'बाकी कसं वाटतंय?' हेही विचारा. आणि उत्तर डॉक्टरांपर्यंत पोचवा. गोळी बदलता येते.