अनेक तलाव, मोजके धनी : ऑरलँडोतील वॉटर पार्कांचा इतिहास

१

पर्यटनावर जगणाऱ्या शहरात एकाच वेळी किती वॉटर पार्क तग धरू शकतील, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसाचा आहे. येणारे पाहुणे मोजावेत, उन्हाचे दिवस मोजावेत, प्रत्येक उद्यानाचा खर्च मांडावा आणि भागाकार करावा, म्हणजे उत्तर हाती येईल, असे वाटते. परंतु एखाद्या शहराचा चार-पाच दशकांचा इतिहास समोर ठेवून हाच प्रश्न विचारला, तर त्याचे रूप पालटते. मग 'किती' या शब्दापेक्षा 'परस्परांशी स्पर्धा करणारे' हे विशेषण अधिक अवघड ठरते.

या विवेचनासाठी आम्ही अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातले ऑरलँडो निवडले आहे. वॉटर पार्क या प्रकाराचे आजचे रूप प्रथम येथेच घडले, असे सामान्यतः मानले जाते. तेथील इतिहासही सलग तपासता येण्याजोगा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे वळावे याला आणखी एक कारण आहे. या शहरात पाण्याबरोबर कथाही विकली गेली; आणि कोणाची कथा टिकली, कोणाचे नुसते पाणी आटले, हे पाहणे आपल्या व्यवसायाशी अगदीच असंबद्ध नाही.

२

१ ऑक्टोबर १९७१ रोजी ऑरलँडोजवळ 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' सुरू झाले, तेव्हा संत्र्यांच्या बागांचा आणि सरोवरांचा हा मुलूख पर्यटननगरी व्हायचा होता. डिस्ने कंपनीने सुमारे २७ हजार एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. पुढील सर्व घटनांचा अर्थ या जमिनीच्या आकड्यात दडलेला आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

१९७६ च्या जूनमध्ये डिस्नेने आपल्या हद्दीतील बे लेक या सरोवराच्या काठी 'रिव्हर कंट्री' हे छोटे जलोद्यान उघडले. त्याची कल्पना साधी होती : खेड्यातील मुले ओढ्यावर जाऊन डुंबतात, दोराला लटकून पाण्यात उड्या टाकतात, तो आनंद सुरक्षित कुंपणाच्या आत द्यावयाचा. पाणीही सरोवराचेच, गाळून घेतलेले.

त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, मार्च १९७७ मध्ये, इंटरनॅशनल ड्राइव्ह या रस्त्यावर 'वेट 'न वाइल्ड' सुरू झाले. त्याचे जनक जॉर्ज मिले. हे 'सीवर्ल्ड' या सागरी प्राण्यांच्या उद्यानाचे एक संस्थापक. १९६४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह सान डिएगोत पहिले सीवर्ल्ड काढले होते. १९७४ मध्ये त्यांना त्या कंपनीतून बाहेर पडावे लागले. दुसऱ्या खेपेस त्यांनी प्राणी वगळले आणि पाणी ठेवले. उंच घसरगुंड्या, लाटांचा तलाव, मुलांसाठी उथळ पाणी, आणि या सर्वांसाठी एकच प्रवेशमूल्य. आज जगभर दिसणाऱ्या वॉटर पार्कचा आराखडा तो हाच. पहिल्या वर्षी उद्यान तोट्यात गेले; पुढे मात्र त्याने चांगलाच जम बसवला, आणि मिले यांनी टेक्सासमधील आर्लिंग्टन व नेवाडातील लास वेगास येथेही अशी उद्याने काढली.

या दोन आरंभांतील फरक ध्यानात घ्यावा. रिव्हर कंट्री ही एका मोठ्या हवेलीची परसातली विहीर होती; तेथे जाणारा माणूस आधीच डिस्नेचा पाहुणा असे. वेट 'न वाइल्ड सार्वजनिक रस्त्यावर उभे होते. भोवती निरनिराळ्या मालकांची हॉटेले आणि खाणावळी. कोणीही यावे, तिकीट काढावे, भिजावे आणि हवे तिकडे निघून जावे. मिले यांच्या उद्यानापाशी विकायला त्या एका दिवसाखेरीज दुसरे काही नव्हते.

३

पुढील वीस वर्षांत उद्यानांची संख्या वाढत गेली. १९८६ मध्ये शेजारच्या किसिमी गावात 'वॉटर मेनिया' निघाले. १ जून १९८९ रोजी डिस्नेने 'टायफून लगून' उघडले, आणि १ एप्रिल १९९५ रोजी 'ब्लिझर्ड बीच'. म्हणजे १९९५ च्या उन्हाळ्यात रिव्हर कंट्री धरून पाच वॉटर पार्क एकाच वेळी चालू होते. संख्येच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते : पर्यटननगरी अनेक वॉटर पार्क पोसू शकते.

हे कसे शक्य झाले? आपल्याकडील जत्रेचा दाखला घेतला तर ते चटकन उमगते. जत्रेत शेवरेवडीची वीस दुकाने शेजारीशेजारी लागतात. त्यांतील कोणाच्याही ओढीने माणूस गावात आलेला नसतो. तो देवासाठी आलेला असतो आणि हातात वेळ घेऊन आलेला असतो. ऑरलँडोत आठवडाभर मुक्काम करणारे कुटुंब असेच येते. सात दिवसांतील एखादा दिवस पाण्यात जावा, एवढी वाव त्याच्या बेतात असतेच. अलीकडचे आकडे पाहू. २०१८ साली या शहरास साडेसात कोटी पर्यटकांनी भेट दिली; त्याच वर्षी तेथील चार प्रमुख वॉटर पार्कांतील एकूण प्रवेश सत्तर लाखांहून अधिक असल्याचे या व्यवसायातील प्रचलित अंदाज सांगतात. स्थानिक लोक आणि पुन्हा पुन्हा येणारे वेगळे काढता येत नाहीत, हे मान्य केले तरी प्रमाण साधारण दहास एक असे पडते. गिऱ्हाइकाची वाण नव्हती.

अडचण गिऱ्हाइकाची नसून व्यवसायाच्या स्वभावाची होती. वॉटर पार्कचा खर्च गर्दीच्या प्रमाणात कमी होत नाही. टायफून लगूनच्या लाटांच्या तलावात एक कोटी लिटरहून अधिक पाणी आहे. त्यात दहा माणसे उतरोत की हजार, पंप चालवावे लागतात, पाणी शुद्ध ठेवावे लागते, प्रत्येक घसरगुंडीच्या तोंडाशी आणि पायथ्याशी जीवरक्षक उभे करावे लागतात. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी गडगडाटी पाऊस येतो आणि वीज चमकू लागली की पाणी रिकामे करावे लागते. हिवाळ्यात थंडीची लाट आली की लोक फिरकत नाहीत. भाकड दिवसांचा भार ज्याला दुसरीकडून भरून काढता येतो, त्याला हा धंदा परवडतो. ज्याला तसा आधार नाही, त्याला प्रत्येक पावसाळी दुपार स्वतःच्या गाठीतून सोसावी लागते.

४

आता कथेकडे वळू. वेट 'न वाइल्ड या नावात कथा नाही. भिजा आणि बेभान व्हा, एवढेच ते सांगते. तेथील घसरगुंडी ही घसरगुंडीच होती. डिस्नेने मात्र आपल्या दोन्ही उद्यानांसाठी आख्यायिका रचल्या, आणि गंमत अशी, की दोन्ही आख्यायिका संकटाच्या आहेत. टायफून लगूनची कथा सांगते, की एका रम्य किनाऱ्यावर वादळ कोसळले. 'मिस टिली' नावाची कोळंबी पकडणारी होडी डोंगराच्या शेंड्यावर जाऊन अडकली. आणि त्या विध्वंसातूनच हे क्रीडास्थान निर्माण झाले. ब्लिझर्ड बीचची कथा याहून खट्याळ आहे. फ्लोरिडात अवचित बर्फ पडला, कोणी उत्साहाने बर्फावरील खेळांचे केंद्र बांधले, आणि लगोलग ऊन पडून सारे वितळले; उरलेल्या उतारांवरून पाणी वाहू लागले. तेथील सर्वांत उंच घसरगुंडी सुमारे १२० फुटांची असून तिचा माथा बर्फावरील उडीच्या चौथऱ्यासारखा घडवला आहे.

या कथांचे वाङ्मयीन मोल फारसे नसेल. पण त्यांचे कार्य समजून घेण्याजोगे आहे. कथा आली की एकाच मालकाच्या दोन तलावांत भेद उत्पन्न होतो. घसरगुंडी येथेही आहे आणि तेथेही आहे. परंतु वादळ पाहिलेल्या मुलाला बर्फ पाहायचा उरतोच. जी स्पर्धा दोन मालकांत व्हायची, ती एका मालकाच्या दोन कथांत होऊ लागते, आणि तिच्यात कोणीही जिंकले तरी गल्ला एकच असतो.

कथेला जोड मिळाली तिकिटाची. जानेवारी २००५ पासून डिस्नेने तिकिटांची अशी रचना केली, की मुक्काम जितका लांबेल तितका पुढील प्रत्येक दिवस स्वस्त पडावा. वॉटर पार्क त्यात थोडी भर घालून जोडून मिळत. पर्यटकाने हद्दीबाहेर पाऊल टाकावे असे कारणच उरू नये, हा त्यामागील विचार उघड आहे. बाहेरच्यांनीही एकीचा प्रयत्न केला होता. युनिव्हर्सल, सीवर्ल्ड आणि वेट 'न वाइल्ड यांनी १९९० च्या दशकात 'ऑरलँडो फ्लेक्सतिकीट' हे सामायिक तिकीट काढले. त्यावर सलग चौदा दिवस कोणत्याही सहभागी उद्यानात जाता येई. स्पर्धकांनी बलाढ्याविरुद्ध एकत्र येण्याचे ते चांगले उदाहरण होते. २०१० च्या दशकाच्या मध्यास ते तिकीटही मागे पडले, कारण तोवर सहभागी कंपन्यांपैकी प्रत्येकीला स्वतःचीच हद्द उभारायची होती.

५

उद्याने कशी संपली, ते पाहिले म्हणजे आमचा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. रिव्हर कंट्रीचा २००१ चा हंगाम अखेरचा ठरला. ते पुन्हा उघडले नाही. त्याच्या मोठ्या भावंडांनी त्याची गरज संपवली होती. वॉटर मेनिया २००५ मध्ये बंद झाले. कोणत्याही मोठ्या समूहाचा आधार नसलेले ते उद्यान होते.

वेट 'न वाइल्डचा अंत सर्वांत बोलका आहे. १९९८ मध्ये ते युनिव्हर्सलकडे गेले. २००८ मध्ये सीवर्ल्डने त्याच इंटरनॅशनल ड्राइव्हच्या परिसरात 'ॲक्वाटिका' उघडले. तेथील एक घसरगुंडी पारदर्शक नळीतून डॉल्फिनांच्या तळ्यातून जाई. मिले यांनी स्थापन केलेली पहिली संस्था त्यांच्याच दुसऱ्या निर्मितीची प्रतिस्पर्धी झाली. हे पाहण्यास ते नव्हते, २००६ मध्ये त्यांचे निधन झाले होते. तरीही वेट 'न वाइल्ड कोसळले नाही. अखेरच्या काळातही वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक तेथे येत होते. असे असता ३१ डिसेंबर २०१६ रोजी ते कायमचे बंद करण्यात आले. २५ मे २०१७ रोजी युनिव्हर्सलने आपल्या हद्दीत, आपल्या हॉटेलांच्या शेजारी, 'व्होल्केनो बे' उघडले. आणि जुन्या उद्यानाच्या जागी दोन हॉटेलांत मिळून २,८०० खोल्या उभारल्या. त्यांतील पहिले हॉटेल २०१९ मध्ये सुरू झाले, दुसरे २०२० मध्ये.

व्होल्केनो बेला कथा आहेच. 'वातुरी' नावाचे दर्यावर्दी लोक एका माशाच्या मागे समुद्र ओलांडीत येथे पोचले, असे ती सांगते. प्रशांत महासागरातील खऱ्या द्वीपवासीयांच्या चालीरीतींची आठवण करून देणारी, पण कोणाचीही नसलेली ही जमात लेखनकक्षात जन्मली. घर शोधत भटकणाऱ्या लोकांची कथा, ज्याला उभे राहण्यासाठी शहरातील जुने जलोद्यान नाहीसे व्हावे लागले अशा उद्यानात सांगितली जाते. हा विरोधाभास रचणाऱ्यांना अभिप्रेत नसावा.

तेव्हा वेट 'न वाइल्डला स्पर्धेने मारले, असे म्हणता येत नाही. गिऱ्हाईक होते, पाणी होते, नावलौकिक होता. पण त्या जमिनीवर भिजायला येणाऱ्या माणसापेक्षा तेथे झोपणारा माणूस मालकाला अधिक मोलाचा वाटू लागला. रिव्हर कंट्रीच्या जागीही २०१८ मध्ये हॉटेलाचीच घोषणा झाली, ही केवळ योगायोगाची गोष्ट नव्हे. लास वेगासमध्ये याच इतिहासाची छोटी आवृत्ती दिसते : मिले यांचे तेथील उद्यान १९८५ मध्ये मुख्य रस्त्यावर निघाले आणि २००४ मध्ये बंद झाले. पुढे शहराच्या कडेला २०१३ व २०१४ मध्ये दोन नवी उद्याने प्रतिस्पर्धी म्हणून आली, आणि कालांतराने तीही एकाच छत्राखाली गेली.

६

जत्रेचा दाखला आता पुरा करता येईल. देवळाच्या ओढीने आलेल्या गर्दीवर अनेक दुकाने जगू शकतात, हे खरे. परंतु देवस्थानच दुकाने, धर्मशाळा आणि येण्याजाण्याच्या गाड्या काढू लागले, तर दुकानांची संख्या तीच राहूनही दुकानदार उरत नाहीत. ऑरलँडोत २०१७ नंतरही चार मोठे वॉटर पार्क होते. त्यांचे मालक मात्र तीन, आणि तिघेही मोठ्या उद्यानसमूहांचे धनी. जून २०१९ मध्ये किसिमीत एक नवे जलोद्यान उघडले, तेही एका निवासी संकुलाला जोडूनच. महामारीनंतरची काही वर्षे डिस्नेने आपल्या दोन उद्यानांपैकी बहुधा एकच आळीपाळीने चालू ठेवले. २०२५ मध्ये तर आपल्या हॉटेलात उतरणाऱ्यांना आगमनाच्या दिवशी वॉटर पार्क विनामूल्य खुले केले. जी वस्तू एकाकडे भेट म्हणून मिळते, ती विकून पोट भरू पाहणाऱ्या दुसऱ्याने दर तरी कोणता लावावा?

म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर आम्ही दोन भागांत देऊ. पर्यटननगरी अनेक वॉटर पार्क पोसू शकते, आणि ऑरलँडोने ते दीर्घकाळ करून दाखवले आहे. मात्र केवळ तिकिटावर जगणारी, परस्परांपासून स्वतंत्र अशी उद्याने ती फार काळ राहू देत नाही. पर्यटकाचा एखादा दिवस मिळवण्यापासून सुरू झालेला हा खेळ पर्यटकाचा अख्खा आठवडा मिळवण्यावर येऊन ठेपतो, आणि आठवडा विकत घेण्याची ऐपत ज्यांच्यापाशी जमीन आहे त्यांचीच असते. वॉटर पार्कांच्या इतिहासाचे वाचन करताना घसरगुंड्यांच्या उंचीबरोबर सातबाराही पाहावा, एवढेच सुचवून थांबतो.