ओठावरील वण आणि औषधदान

आहार, औषध, ज्ञान व अभय या चतुर्विध दानांपैकी औषधदानाचा विचार करताना आपल्यासमोर ज्वर, जखमा, नेत्रविकार येतात; चेहऱ्यावरील वण सहसा येत नाही. वण दुखत नाही, म्हणून तो रोग नव्हे, अशी आपली समजूत असते. दुभंगलेला ओठ घेऊन जन्मलेल्या मुलांच्या उपचारांचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत किती अपुरी आहे, हे ध्यानी येते.

चेहऱ्याची पुनर्रचना ही या भूमीला परकी विद्या नव्हे. नाक व कानाची पाळी सांधण्याचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. १७९२ च्या म्हैसूर युद्धात शत्रूच्या हाती सापडून नाक गमावलेल्या कावसजी नामक मराठा गाडीवानाचे नाक पुण्याजवळील एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून पुन्हा घडविले. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ती हकीकत छापली आणि युरोपातील शल्यविशारदांचे लक्ष इकडे वळले.

असे असूनही खेड्यापाड्यांतील दुभंगलेल्या ओठाचे बालक दीर्घकाळ उपेक्षितच राहिले. आईने ग्रहणात विळी हाती धरली, असा ठपका ठेवून समाज मोकळा होई. ही उपेक्षा दूर करण्यासाठी झटलेल्यांत पंढरपूर येथे १९३० साली जन्मलेले, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित यांचे नाव अग्रभागी आहे. १९६८ पासून ते भारतात येऊन विनामूल्य शिबिरे घेत. अपघाताने आलेले अपंगत्व आणि कंठाच्या कर्करोगाने हिरावलेला आवाज यांनीही त्यांचा नेम मोडला नाही. श्री. शांतिलाल मुथ्था यांनी स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने त्यांच्या शिबिरांचे आयोजन केले, ही आपणा सर्वांस अभिमानाची बाब होय. २००१ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरविलेले डॉ. दीक्षित २०११ मध्ये निवर्तले.

तथापि शिबिराला एक मर्यादा असते. ते चार दिवसांनी उठते. मूल मात्र वाढत राहते. ओठ तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत शिवला जातो, टाळू साधारणतः दीड वर्षाच्या आत. हिरडीतील खाच भरण्यासाठी आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास हाडाचे रोपण लागू शकते आणि नाकाची अंतिम दुरुस्ती चेहऱ्याची वाढ पुरी झाल्यावर केली जाते. दरम्यान टाक्यांचा वण ताणला जातो, ओठ वर ओढला जातो, नाकपुडी बसते. ‘ऑपरेशन झाले ना एकदा?’ हा प्रश्न म्हणूनच अन्यायाचा आहे.

ही दीर्घ सोबत शासनच करू शकते. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ व टाळू यांचा समावेश आहे. अंगणवाड्या व शासकीय, अनुदानित शाळांतून तपासणी होते. मात्र वयोमर्यादा १८ वर्षांची आहे. म्हणजे नाकाच्या अंतिम दुरुस्तीची वेळ येते, तेव्हाच हे दार मिटू लागते. २०१२ मध्ये सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालते. तिच्या यादीत आपली शस्त्रक्रिया बसते काय, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच जाणून घ्यावे.

शासकीय योजना केवळ सौंदर्यासाठीचा उपचार वगळतात. म्हणून अर्जासोबतच्या डॉक्टरांच्या पत्रात वण ‘दिसतो कसा’ एवढेच न येता ओठ मिटतो काय, उच्चार स्पष्ट होतात काय, श्वास मोकळा आहे काय, हे नोंदलेले असावे. व्यंग जन्मजात असल्याचा उल्लेख आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियांचे कागद जोडलेले असावेत. शिबिरातील कागद हरवल्याने मदतीस पात्र असलेला रुग्णही अडून बसतो.

येथेच विश्वस्त संस्थांचे पुढील कार्य दिसते. शिबिर भरविणे हे पुण्यकर्म खरेच. पण शिबिरातील प्रत्येक बालकाची नोंद जतन करणे, सोळाव्या वर्षी त्याच्या घरी आठवण पोहोचविणे आणि अर्जासाठी त्याच्यासोबत रुग्णालयाची पायरी चढणे, हेही औषधदानच आहे. त्यास मोठा निधी लागत नाही. एक वही आणि ती सांभाळणारा एक सेवाभावी हात पुरेसा आहे.