मेणाचा कण आणि पावरीचा स्वर

सुरगाण्याच्या डोंगरपट्ट्यात मार्गशीर्ष लागला की डोंगऱ्यादेवाचा उत्सव सुरू होतो आणि पावरी वाजू लागते. वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे कर्णा. छायाचित्रात एवढेच दिसते. ज्या भागामुळे हे वाद्य बोलते, तो मात्र भोपळ्याच्या पोटात दडलेला असतो : बारीक नळीवर कापलेली एक जीभ आणि तिच्यावर चिकटवलेला मेणाचा कण. हा धागा त्या कणाविषयी आहे.

आधी थोडा भूगोल. सुरगाणा आज नाशिक जिल्ह्यातील गुजरातच्या सीमेवरचा तालुका आहे. १९४८ पर्यंत ते एक छोटे संस्थान होते. येथील कोकणा समाजात पावरी वाजते, उत्तरेला डांगमध्येही वाजते. दक्षिणेकडे जव्हार-डहाणूच्या वारली पाड्यांवर हिचेच मोठे भावंड भेटते, ते म्हणजे तारपा. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतील नर्तकांचा वेटोळा ज्या वादकाभोवती फिरतो, त्याच्या हातात तारपाच असतो.

आता भोपळ्याच्या आत पाहू. प्रत्येक नळीच्या आतल्या टोकाला एक बारीक नळकांडे बसवलेले असते. त्याचे एक टोक बंद असते आणि अंगावर तीन बाजूंनी चीर देऊन एक पातळ पट्टी मोकळी केलेली असते. चौथी बाजू अंगाशी जोडलेलीच राहते. सनईच्या संदर्भात मराठीत जिला जिव्हाळी म्हणतात, तिचेच काम ही पट्टी करते; मात्र सनईत दोन पाती एकमेकींवर मिटतात, येथे एकच पट्टी स्वतःच्याच नळीवर आपटते. वादक भोपळ्यात फुंकतो, हवा पट्टीला खाली दाबते, पट्टीचा ताठपणा तिला परत उचलतो. सेकंदाला शेकडो वेळा ही उघडझाप होते आणि तीच आपल्याला स्वर म्हणून ऐकू येते.

सगळी मेख भोपळ्यात आहे. सनईवादक जिव्हाळी ओठांत धरतो, म्हणून किंचित उतरलेला स्वर तो ओठांच्या दाबाने सावरू शकतो. पावरीवादकाच्या ओठांचा पट्टीला स्पर्शच होत नाही. त्यामुळे स्वर जुळवायचा तो वाजवण्यापूर्वीच. एकदा नळी भोपळ्यात बसवून सांधा मेणाने बुजवला, की आत हात जात नाही.

हजारो मैलांवरच्या स्कॉटिश बॅगपाइपची अडचण नेमकी हीच आहे. तेथे भोपळ्याच्या जागी कातडी पिशवी असते. जिच्या भोकांवर बोटे फिरतात, त्या नळीत दोन पात्यांची जिव्हाळी बसवतात. खांद्यावरच्या, अखंड एकच सूर धरणाऱ्या नळ्यांत मात्र परंपरेने पावरीसारखीच एकेरी पट्टी असे. हॉर्नबोस्टेल आणि साक्स या अभ्यासकांच्या १९१४ च्या वर्गीकरणात या दोन प्रकारच्या जिव्हाळ्यांना दोन वेगळी घरे आहेत. एकच बॅगपाइप दोन्ही घरांत राहतो, पावरी एकात. आपल्याकडील जुन्या शास्त्राने ही सारी मंडळी ‘सुषिर’ या एकाच शब्दात बसवली होती.

जुळवणीचे नियमही तेच. पट्टीचा मोकळा भाग लांब केला की स्वर उतरतो, आखूड केला की चढतो. म्हणून बुडाशी दोरा गुंडाळून तो पुढे-मागे सरकवायचा. टोकाकडे वजन वाढले की स्वर उतरतो, म्हणून मेण. नखाने थोडे मेण काढले की स्वर वर येतो. पट्टी नळीला फार चिकटून असेल तर श्वासाबरोबर ती बंदच होते, फार उघडी असेल तर बोलतच नाही. तेव्हा तिच्या बुडाखाली केस सरकवून फट राखण्याची युक्ती अनेक देशांतील वादकांना ठाऊक आहे. भूमध्य समुद्रातील सार्डिनिया बेटावरचे लाउनेद्दास हे तीन नळ्यांचे वाद्य आजही मधमाशीच्या मेणानेच जुळवतात. स्कॉटिश वादकही जिव्हाळी बसवताना मेण लावलेला तागाचा दोरा वापरतो. सुरगाणा भागातील कथेकऱ्याची थाळीही मेणावाचून गात नाही : काशाच्या थाळीत मध्यभागी मेणाने काडी उभी करायची आणि तिच्यावरून बोटे ओढायची. या डोंगरांतल्या संगीताचे अर्धे शास्त्र पोळ्यातून आले आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ही युक्ती किती जुनी? इजिप्तच्या जुन्या राज्यातील, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पांत जोडनळ्यांची अशी वाद्ये कोरलेली आहेत. पिशवीचे वाद्यही भारताला इंग्रजांनी दाखवले नाही. अबुल फजलच्या ‘आइन-इ-अकबरी’त मशक या वाद्याची नोंद आहे : कातडी पिशवी आणि भोके पाडलेल्या दोन नळ्या. मात्र यावरून पावरी इजिप्तहून आली असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. जिथे पोकळ काडी, पोळे आणि भोपळा एकत्र सापडतात, तिथे माणसाला हे स्वतंत्रपणेही सुचू शकते.

नाशिक जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८३ साली निघाले. त्याचे संपादक जेम्स कॅम्बेल हे स्कॉटलंडचे. पिशवीचे वाद्य त्यांच्या मायदेशाचेच. परंतु गॅझेटियरचा साचा महसूल, जाती, पिके आणि रस्ते यांचा होता. मेणाच्या कणाला त्यात रकाना नव्हता. संग्रहालयांची कथा फारशी निराळी नाही. भोपळा टिकतो, बांबू टिकतो. पट्टी वाळून वाकते, मेण तडकते. काचेआडची पावरी पूर्ण दिसते आणि मुकी असते.

पावरीला बाहेरचा ठरलेला ‘सा’ नाही. तिच्या दोन नळ्या एकमेकींशी जुळल्या, त्या अंतरातून उठणारा थरथराट नाचणाऱ्यांच्या पायांना ओळखीचा वाटला, की जुळवणी झाली. हे मागासपण समजण्याचे कारण नाही. स्कॉटिश पाइपचा ‘ए’ कागदावर ४४० चा, प्रत्यक्षात आज ४७५ ते ४८० हर्ट्झच्या आसपास वाजतो आणि गेल्या शतकभरात तो चढतच गेला आहे. तेथेही आधी आपसांत जुळणे, मग कागद.

आज या पट्ट्यातील वरातींत पावरीच्या चाली की-बोर्डवर वाजतात, मोठ्या ध्वनिवर्धकांतून, आणि तरुण त्यांवर मनापासून नाचतात. चाल त्यामुळे जगली आहे, हे मान्य करावे लागेल. पण की-बोर्डची पट्टी कारखान्यात ठरते. दोन नळ्यांमधले ते किंचित अंतर त्यात नसते, आणि वाद्य ओलसर श्वासाने उतरू लागले की नळी उपसून, नखाने मेण खरवडून, पुन्हा फुंकून पाहणारा माणूसही त्याला लागत नाही. चाल ध्वनिमुद्रणात मिळते. पट्टी किती पातळ तासावी आणि मेण किती ठेवावे, हे त्या माणसाशेजारी बसल्याशिवाय मिळत नाही.